एकशे अठरा किलोंची तपासणी

३ जानेवारी

डॉक्टरांच्या हुकमावरून ही वही सुरू करतो आहे. "दिवसभरात तोंडात जे जे टाकाल ते लिहायचं, आणि खरं लिहायचं," असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी गाड्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीवर आहे. खोटं लिहिणं आमच्या रक्तात नाही." ते म्हणाले, "तुमच्या रक्तात काय काय आहे ते मी आत्ताच वाचलं."

वजन एकशे अठरा किलो. वर्षाच्या आत नव्वदवर आलो नाही तर मला हृदयाच्या डॉक्टरांच्या हवाली करणार, आणि ते माझ्यासारखे गोड बोलत नाहीत म्हणाले. मी हसण्यावारी नेत होतो. पण शेजारी बसलेल्या आमच्या हिने रुमाल डोळ्यांना लावला, तेव्हा गप्प बसलो.

सकाळी पाव दोन, लोणी नाही. (लोणी थोडं.) दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांनी खाल्लं ते. रात्री उकडलेला कोबी. एका माणसाने दुसऱ्या माणसाला असं वाढू नये.

६ जानेवारी

कोबीबद्दल रोज काय लिहिणार? कामाबद्दल लिहितो.

माझ्याकडे मागच्या सीटची तपासणी आहे. सीटच्या बुडाला दोन हुक असतात. ते गाडीच्या तळातल्या दोन खाचांत पक्के बसले पाहिजेत, नाहीतर जोरात ब्रेक मारला की सीट सुटते. माझ्या आधीच्या जागेवर मेहुणा सीट आत ठेवतो. गाडी पुढे सरकते, मी तपासतो आणि कार्डावर शिक्का मारतो. भिंतीवर कागद लावलाय, 'दोन्ही कोपरे हाताने वर ओढून पाहावेत.' ते नवशिक्यांसाठी. मी आत शिरतो, डावीकडे एकदा दणकन बसतो, उजवीकडे एकदा दणकन बसतो. टक. टक. त्या आवाजावरून मला कळतं की हुक जागेवर आहेत. ओढाओढी करायची गरज नाही, कान तयार लागतो. सतरा वर्षांत माझ्या शिक्क्याच्या गाडीबद्दल मागच्या सीटची एकही तक्रार आलेली नाही. त्याबद्दल कंपनीने दिलेलं घड्याळ बैठकीच्या खोलीत लावलंय. ते पाच मिनिटं मागे पडतं.

लाइनवरचे लोक मला डंपर म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मी म्हटलं ना, कान तयार आहे.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. नोकरीला चिकटवला मीच. किडकिडीत देह, फुंकर मारली तर उडेल. सीट ठेवतो, वरून थोपटतो आणि शीळ घालत पुढच्या गाडीकडे वळतो. मी शंभरदा सांगितलं, "अरे, दाबून बसव जरा." तर म्हणतो, "तुम्ही आहात ना भावोजी."

२० जानेवारी

एकशे चौदा. कोबी, गाजर, पुन्हा कोबी.

ही दोन दिवस माहेरी गेली. जाताना नेहमीसारखी बॅग ठासून भरली आणि झाकण लागेना म्हणून मला हाक मारली. मी बसलो. एका बसण्यात दोन्ही कड्या लागल्या. या घरात माझ्या शब्दाला वजन नाही, पण बॅगेवर मात्र मीच लागतो.

ही नसल्यामुळे कोबी केला नाही. काय खाल्लं ते लिहीत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरलंय, न लिहिण्याबद्दल काही ठरलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

एकशे सात! जिने चढताना मध्ये थांबलो नाही. थांबायच्या जागी सवयीने पाय अडखळले तेवढेच. हिला सांगितलं तर तिने नुसतं बघितलं आणि ताटात एक बटाटा जास्त वाढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बटाट्याने डोळे भरून येतील असं वाटलं नव्हतं.

५ मार्च

एकशे तीन. जुनी पँट पट्ट्याला ऐकेना. आज गाडीतून उतरताना घसरली आणि सगळ्या लाइनने पाहिली. संध्याकाळी हिने दुकानात नेऊन नवी पँट घेतली. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, तुम्ही मध्यम मापात बसाल." हिच्याकडे पाहिलं तर ही रॅकवरच्या शर्टांकडे बघून हसत होती. पावती हिने पर्समध्ये जपून ठेवली, जणू शाळेत पहिला नंबर आल्याचं प्रशस्तिपत्रक आहे.

१९ मार्च

एक चमत्कार नोंदवून ठेवतो. मेहुणा सुधारला.

गेले काही दिवस मी सीटवर बसतो तर टक होतच नाही. आधी वाटलं कानात मळ झाला. कंपनीच्या दवाखान्यात जाऊन कान धुऊन आलो. तरीही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. मेहुणा आता सीट आधीच इतकी पक्की बसवतो की माझ्यासाठी टक शिल्लकच राहत नाही! इतक्या वर्षांच्या माझ्या बोलण्याचा शेवटी उपयोग झाला. पालथ्या घड्यावरही पाणी टिकतं, फक्त धीर धरावा लागतो.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!" म्हटलं. "कशाबद्दल?" म्हणाला. विनयही आला बघा अंगात.

१० एप्रिल

सत्त्याण्णव. डॉक्टर खूश. मीही खूश. लाइनवर डंपर ऐकू येत नाही हल्ली. एक जण 'टेम्पो' म्हणाला. बढतीच म्हणायची.

काम झपाझप होतं. बसायचं, उठायचं, शिक्का. आत शिरताना आणि बाहेर पडताना धाप लागत नाही. हे आधीच करायला हवं होतं.

२७ मे

त्र्याण्णव. पण आज वजनाचा आनंद नाही.

पहिली तक्रार आली. एका बाईंनी कुत्रा आडवा आला म्हणून ब्रेक मारला. कुत्रा वाचला. पण मागे बसलेल्या सासूबाई सीटसकट पुढे आल्या आणि दोघी शेजारीशेजारी झाल्या. सासूबाईंची कवळी तुटली. बाकी खरचटण्यापलीकडे काही नाही, पट्टा लावलेला होता म्हणून. बाईंनी लिहिलंय, 'सासूबाई इतक्या जवळ येतील अशी अपेक्षा गाडी घेताना नव्हती.' कार्डावर शिक्का माझा आहे.

मला वाटतं त्यांनी सीट घरी काढली असणार, धुवायला वगैरे. लोक काहीही करतात.

११ जून

आणखी पाच तक्रारी आल्या. इतक्या जणांनी सीट धुतली नसणार.

मोठ्या साहेबांनी बैठक घेतली. त्यांचं म्हणणं असं की एक तक्रार हा अपवाद, दोन हा योगायोग, आणि सहा म्हणजे ग्राहकांनी आपसात ठरवलेलं दिसतं. तेव्हा वाट पाहावी. तिथे गुणवत्ता विभागाच्या नव्या इंजिनियरबाई होत्या, चष्म्याच्या, वयाने माझ्या मुलीसारख्या. त्या म्हणाल्या, "सर, सातवी तक्रार करायला माणूस शिल्लक राहायला हवा." साहेबांनी पाणी मागवलं.

शेवटी ठरलं ते असं: लाइन बंद, आवारातल्या गाड्या थांबवायच्या, कारण शोधायचं, मग गाड्या परत बोलवायच्या. बाईंचा एकच प्रश्न होता. "सीट तीच, हुक तेच, खाचा त्याच. मग आत्ताच काय बदललं?" सगळे विचारात पडले. मीही खूप विचार केला. हुकांचं पोलाद बदललं असेल. हवामान असेल. मी हवामानाचं बोलून दाखवलं. बाईंनी लिहून घेतलं नाही.

१३ जून

आवारातल्या गाड्यांवर बाईंनी मला माझी पद्धत करून दाखवायला सांगितली. मी डावीकडे बसलो, उजवीकडे बसलो, बाहेर आलो आणि म्हटलं, "पक्की." बाईंनी वाकून एका हाताने कोपरा ओढला. सीट त्यांच्या हातात आली. दुसऱ्या गाडीतही आली. तिसऱ्या गाडीत त्यांनी ओढायच्या आधीच मी मान खाली घातली.

सतरा वर्षांचं नाव तीन गाड्यांत गेलं. फार वाईट वाटलं. घरी येऊन घड्याळाकडे बघवेना.

मग विचार केला, मी तर नेहमीचंच केलं. मग चूक कुणाची? जो सीट ठेवतो त्याची. चमत्कार कसला, गडी नुसता थोपटत होता आणि मी शाबासकी देत होतो!

१६ जून

चौकशी झाली. मला विचारलं, "तुमच्या आधीच्या जागेवरचा कामगार सीट दाबून बसवत होता का?" मी सांगितलं, "नाही. कधीच नाही. मी शंभरदा बोललोय." खरं तेच सांगितलं. त्यात खोटा एक शब्द नाही.

मेहुण्याला घरी बसायला सांगितलं. आठ दिवसांत निर्णय, आणि निर्णय काय असणार ते शिपायालाही माहीत आहे. फाटकापाशी भेटला तेव्हा शीळ घालत नव्हता. म्हणाला, "भावोजी, मी पूर्वीही असंच ठेवत होतो. तेव्हा कसं चालायचं?"

मी म्हटलं, "तेव्हा नशीब होतं तुझं."

१७ जून

ही बोलत नाही. कोबीही नाही. ताटात नुसता पाव आपटला.

शेवटी मीच विषय काढला. "अगं, खरं सांगू नको तर काय करू?" तर उसळली. "खरं सांगा हो! पण अर्धं का सांगता? त्याने ठेवली, तुम्ही बघितली. मग तुम्ही काय बघितलंत?" मी म्हटलं, माझी पद्धत सतरा वर्षं तीच आहे, माझ्यात काय बदललंय? यावर ती माझ्या पँटकडे बघत राहिली. मला वाटलं, डाग पडलाय.

१९ जून

आज काय घडलं ते नीट लिहितो.

सकाळी ही माहेरी निघाली. "धाकट्यापाशी कुणीतरी असायला हवं," म्हणाली. "तुम्ही तर नाहीच." बॅग ठासून भरली होती. या वेळी जरा जास्तच, लोकरीचे कपडेही होते. जूनमध्ये. म्हणजे थंडीपर्यंतचा मुक्काम. झाकण लागेना. रागात असली तरी सवय ती सवय. "बसा," म्हणाली.

मी बसलो. काही झालं नाही. उठून पुन्हा दणकन बसलो. तरी काही नाही.

"पूर्वी एका बसण्यात टक व्हायचं," ती म्हणाली. "आता तुम्ही या कामाचेही राहिला नाहीत."

मी बॅगेवरून उठलोच नाही. बसूनच राहिलो. ती म्हणाली, "अहो, काय झालं? छातीत दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही. अगं, टक." ती म्हणाली, "काय टक?" आणि मला घाम फुटला, कोबी खायला लागल्यापासून पहिल्यांदा.

तो आवाज हुक बसलेले असल्याचा नव्हता. हुक माझ्याखाली बसत असल्याचा होता. मेहुणा सीट नुसती ठेवायचा, आणि एकशे अठरा किलो तिच्यावर पडले की हुक खाचेत जायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं मी तपासतोय. मी सीटा बसवत होतो. तपासत कुणीच नव्हतं. आणि मी ज्याला कान समजत होतो ते बूड होतं.

हिला सांगितलं. ती माझ्याशेजारी, बॅगेच्या उरलेल्या कोपऱ्यावर टेकली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे धाकट्याने जे आधी केलं तेच नंतरही केलं."

"हो."

"आणि बदललात तुम्ही."

"हो. पण मी तर बरा व्हायला बघत होतो गं."

"ते मला नका सांगू. जिथे त्याचं नाव दिलंत तिथे सांगा."

बॅगेला दोरी बांधली आणि गेली ती माहेरी. मी कारखान्यात गेलो.

१९ जून, संध्याकाळी

इंजिनियरबाईंना आवारात सगळ्यांदेखत गाठलं आणि म्हटलं, "काय बदललं ते सापडलं. मी." त्यांना वाटलं मला ऊन लागलं. सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, म्हणजे रुंदीला. "आधी किती होता?" म्हणाल्या. इतक्या लोकांसमोर सांगायला लाज वाटली, पण सांगितलं.

कँटीनमधून बटाट्यांचं पोतं आणवलं. मी आवारातल्या एका गाडीत मागे बसलो. काही नाही. मग दोघांनी पोतं माझ्या मांडीवर ठेवलं.

टक.

बाईंनी कोपरा ओढला. सीट हलली नाही. दुसरी गाडी, टक. चौथ्या गाडीपर्यंत निम्मा कारखाना गोळा झाला होता. टाळ्या वाजवत होते मेले. मला रडू येत होतं आणि पोत्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

२१ जून

मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी राजीनामा लिहून खिशात नेला होता. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "वजन परत यायला साधारण किती दिवस लागतील?"

मला कळेना. ते म्हणाले, कँटीनमधून दोन्ही वेळचं फुकट देऊ, लोणी, मलई, काय हवं ते. वर्षानुवर्षं उत्तम चाललेली व्यवस्था आहे, मोडायची कशाला? खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, क्षणभर माझ्या डोळ्यांपुढून लोण्याचा गोळा गेला. पण त्याच्या मागोमाग दवाखान्यातला हिचा रुमाल आला. मी म्हटलं, "साहेब, ते जमणार नाही. घरी विचारावं लागेल, आणि घरून काय उत्तर येईल ते मला माहीत आहे."

बाई म्हणाल्या, "सर, एखाद्या माणसाने जेवण कमी केलं म्हणून गाडी धोक्याची होत असेल, तर ती गाडी आपण नीट बनवतच नव्हतो." साहेबांनी पुन्हा पाणी मागवलं.

निर्णय असा. मेहुण्याच्या जागी सीट दाबायचं यंत्र येणार, आणि मेहुणा ते चालवणार. नोकरी राहिली. मला शिक्क्यावरून काढलं. परत बोलावलेल्या गाड्यांच्या कामावर टाकलंय, आणि पगारवाढ यंदा विसरायची. राजीनामा खिशातच राहिला.

आता गाड्या कुठल्या तारखेपासून बोलवायच्या हा प्रश्न आला. "वजन कधीपासून कमी पडायला लागलं?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नव्या पँटच्या सुमारास. त्यांनी पँटची तारीख विचारली. वही घरी होती, म्हणून हिला फोन लावला. तीन दिवसांतला पहिला. पर्समधली पावती बघून हिने ५ मार्च सांगितलं आणि लगेच फोन ठेवला. बाईंनी खबरदारी म्हणून आणखी महिनाभर मागे जायचं ठरवलं. हजारो गाड्या परत येणार, त्या माझ्या पँटच्या हिशेबाने.

मेहुण्याच्या घरी जायचं होतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. काय तोंड दाखवणार?

२६ जून

गाड्या परत बोलवायच्या जाहिरातीचा मजकूर ठरवायला बैठक झाली. मोठ्या साहेबांना हवं होतं, 'मोफत आसनसौख्य शिबिर'. बाईंना हवं होतं, 'मागची सीट सुटू शकते. दुरुस्त होईतोवर मागे कुणाला बसवू नका.' साहेब म्हणाले, लोक घाबरतील. बाई म्हणाल्या, घाबरले तरच येतील. दुपारपर्यंत चाललं. मग मला विचारलं. मी म्हटलं, "साहेब, माझ्या डॉक्टरांनी मला आहारसौख्य सांगितलं असतं तर मी आज एकशे वीस असतो."

बाईंचा मजकूर गेला.

२ जुलै

दिवसभर ग्राहकांना फोन करतो. घसा बसला. एकाला म्हटलं, "मागची सीट सुटू शकते, गाडी घेऊन या." म्हणाला, "मी पुढे बसतो, मला काय त्याचं?" दुसरीने विचारलं, "दुरुस्तीला किती वेळ?" म्हटलं, दोन मिनिटं. "दोन मिनिटांचं काम आणि तुम्हाला कारखान्यात जमलं नाही?" तिला काय उत्तर देणार? म्हटलं, "नाही जमलं. चुकलो. या तुम्ही." ती लगेच आली. खरं बोललं की माणूस येतो, हे आधी कळलं असतं तर निम्मा घसा वाचला असता.

घरात एकटाच आहे. कोबी स्वतःच उकडतो. आवडायला लागलाय की काय अशी भीती वाटते.

८ जुलै

शिबिराचा पहिला दिवस. सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि सीट दाबायचं यंत्र आलंच नाही. ट्रक वाटेत बंद पडला. ट्रक आमच्याच कंपनीचा.

बाई फोनवर ओरडत होत्या. लोक हॉर्न वाजवत होते. तेवढ्यात मेहुणा आला. यंत्र चालवायला म्हणून त्यालाही बोलावलं होतं. फाटकापाशी भेटलो त्यानंतर आम्ही समोरासमोर आलोच नव्हतो. मी काहीतरी बोलणार होतो, पाठ केलं होतं. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही आता किती?"

"एकोणनव्वद."

"मी पन्नास. बसा आत."

मी मागच्या सीटवर बसलो आणि तो माझ्या मांडीवर. दोघांनी मिळून उडी मारली. टक. सरकलो. टक. बाहेर येऊन मी दोन्ही कोपरे धरून जीव खाऊन वर ओढले. सीट हलली नाही. बाईंनी नुसतं, "पुढची गाडी," म्हटलं.

दिवसभर तेच. लोकांनी फोटो काढले. एका आजोबांनी विचारलं, "हे यंत्र परदेशी आहे का?" दुपारनंतर एक गाडी आली, तिच्यात त्याच सासूबाई. नवी कवळी. त्या मागच्या सीटवरून उतरायला तयार नाहीत. "मागच्या वेळी विश्वास ठेवून बसले होते. आता माझ्यादेखत बसवा." सूनबाई म्हणाल्या, "त्या ऐकणार नाहीत, तुम्ही करा." मग एका टोकाला सासूबाई, त्यांच्या शेजारी मी, माझ्यावर मेहुणा. "एक, दोन, तीन," सासूबाईंनीच म्हटलं. टक असा वाजला हुक की फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. मग त्या उतरल्या आणि त्यांनी स्वतः कोपरा ओढून पाहिला. सतरा वर्षांत मी जे एकदाही केलं नाही ते त्यांनी न सांगता केलं.

तेराव्या चौदाव्या गाडीत असताना मी मेहुण्याच्या पाठीला म्हटलं, "माझं चुकलं रे. तुझं नाव द्यायला नको होतं." तो मग म्हणाला, "माझंही चुकलं. तुम्ही आहात म्हणून मी दाबतच नव्हतो." मांडीवर बसलेल्या माणसाशी भांडण फार वेळ टिकत नाही.

शेवटच्या गाडीत पुन्हा शीळ घालत होता. बेसूर.

१४ जुलै

आज सासुरवाडीला गेलो. दार हिनेच उघडलं. मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "वाळलात." मी म्हटलं, "तूच तर म्हणत होतीस." तर म्हणाली, "एवढं नाही म्हटलं होतं." डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. आत मेहुणा आईला शिबिराची नक्कल करून दाखवत होता, एका उशीला मी करून.

ही यायला तयार होती. बॅग भरली. लोकरीचे कपडे, आणि वर माहेरच्या लोणच्यांच्या बरण्या. डॉक्टरांना सांगू नका म्हणाली, त्यांच्यासाठी एक वेगळी आहे. झाकण अर्थातच लागेना. सवयीने मी बसलो. एक कडी लागल्यासारखी वाटली, दुसरी लागल्यासारखी वाटली.

"झालं," ही म्हणाली. "चला."

मी उठलो, वाकलो आणि झाकणाचे दोन्ही कोपरे धरून वर ओढले. डावीकडची कडी पटकन सुटली आणि लोकरीचा स्वेटर बाहेर आला.

"बघ," मी म्हटलं. "रस्त्यात उघडली असती."

तिने स्वेटर आत कोंबला, झाकण लावलं आणि बॅगेवर एका बाजूला सरकून बसली. उरलेल्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "या."

मी तिच्या शेजारी बसलो. टक. टक.

मग दोघं उठलो, आणि ती म्हणाली, "आता ओढा."